परबकाकीची भेटीची वेळ

अन्याय झाला तो सत्यवती परब हिच्यावर. घोडपदेवच्या आमच्या पाच नंबर चाळीत तळमजल्यावर शेवटच्या खोलीत राहणारी परबकाकी. कधी झाला? गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. सूर्य उगवायला तेव्हा वीस मिनिटं बाकी होती. वेळ मुद्दाम लिहितेय, कारण त्या वीस मिनिटांतच सगळा अन्याय बसवलेला होता.

काकी जिवंत आहे, हे आधी सांगून टाकते. हा मृत्युलेख नाही. चाळ सुटल्यापासून लोक तिच्याबद्दल ‘होती’, ‘करायची’ असं बोलतात आणि डोळे पुसतात. डोळे पुसायची घाई असलेल्यांनी आधी हे वाचावं. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. भाडेकरूंच्या मोर्च्यांची, पाण्याच्या टाकीची, लिफ्टच्या भानगडींची पत्रकं लिहून माझा हात बसलाय. गोड लिहायला मला जमत नाही आणि काकीबद्दल गोड लिहिलेलं काकीला चालणारही नाही.

चाळीच्या मागे, संडासांच्या रांगेपलीकडे, बंद गिरणीच्या दगडी भिंतीपर्यंत जमिनीची एक पट्टी होती. दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी लांब, आणि रुंदीला जेमतेम एक बस. नकाशात तिचं नाव ‘मागील रिकामी जागा’. रिकामी! त्या रिकाम्या जागेत वांगी होती, लाल माठ होता, मुळा, मेथी, मिरच्या, वाल, गिरणीच्या भिंतीवर चढवलेला दुधी आणि कोपऱ्यात अळूचं रान. वांग्यांच्या आळ्यात हात घातला तर मनगटापर्यंत जायचा, इतकी मऊ माती. ती माती तिथली नव्हती. मूळची जागा म्हणजे कोळशाची राख आणि विटांचे तुकडे. काकी लग्न होऊन आली तेव्हापासून दर मे महिन्यात गावाहून परत येताना आंब्याच्या पेटीबरोबर मातीचं एक पोतं आणायची. एस.टी.चा कंडक्टर विचारायचा, “बाई, यात काय?” काकी म्हणायची, “माझा माहेर.” त्यात चाळीतल्या सगळ्या घरांच्या भाज्यांची सालं, अंड्यांची टरफलं, गणपतीचं निर्माल्य मिसळत गेलं. आमच्या चाळीत जन्मलेल्या प्रत्येक माणसाच्या घरचं काही ना काही त्या मातीत होतं. 

काकीने परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयाची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही ती सोडली नाही. फक्त वॉर्ड बदलला. वाफ्याला ती वाफा म्हणत नसे, खाट म्हणायची. खाट नंबर एक मेथी, दोन नंबर माठ, तीन नंबर वांगी. ऊन वर आलं की तिचा राउंड सुरू. पदर खोचलेला, हातात खुरपं, आणि मागे हात बांधून चालणं मात्र थेट मोठ्या डॉक्टरांसारखं. “तीन नंबरच्या वांग्याक ताप इलोहा,” ती पानं उलटून बघत जाहीर करायची. “राखेची फकी द्या. आणि दोन दिवस पाणी कमी.” हे ती कुणाला सांगायची? कुणालाच नाही. किंवा जो कुणी त्या वेळी टमरेल घेऊन रांगेत उभा असेल त्याला. 

बांबूंवर सलाइनच्या रिकाम्या बाटल्या उलट्या टांगलेल्या. ओळखीच्या वॉर्डबॉयकडून आणून, उकळत्या पाण्यात धुऊन घेतलेल्या. त्यांची नळी थेट मुळाशी सोडलेली आणि नळीवरचं ते छोटं चाक फिरवून काकी थेंब लावून द्यायची. चाळीत पाणी सकाळी तासभर यायचं, तिथे नळी सोडून भाजीला पाणी घालणं म्हणजे भांडण. काकीचा मळा चाळीच्या कपडे धुतलेल्या शेवटच्या पाण्यावर आणि या थेंबांवर जगला. दुसऱ्या चाळीतली माणसं बघायला यायची आणि हसायची. काकी म्हणायची, “हसा. तुमच्या दुधयेक सलाइन लावलंय काय कोणी?”

भाजी काढण्याला तिचा शब्द डिश्चार्ज. आणि डिश्चार्ज कुणाच्या घरी जाणार हे ठरलेलं असे. ज्या घरात आजारी माणूस, त्याचा पहिला हक्क. मग बाळंतीण. मग ज्यांच्या घरी मयत झाली आणि चूल पेटलेली नाही, ते. त्यानंतर उरलं तर खोलीच्या नंबराप्रमाणे पाळी. स्वतःची खोली शेवटची, म्हणून स्वतःची पाळी शेवटची. विकणं हा विषयच नव्हता.

समोरच्या टॉवरमधल्या एक बाई एकदा हे ऐकून आल्या. बाविसाव्या मजल्यावरून म्हणे त्यांना हिरवं दिसायचं. कापडी पिशवी, गॉगल डोक्यावर. “आंटी, ये सब ऑरगॅनिक है ना?”

काकीने खुरपं थांबवलं. “घर में कौन बीमार है?”

“कोई नहीं, आंटी. थँक गॉड.”

“फिर कायको होना?”

बाई हसल्या, पैसे देते म्हणाल्या. काकीने त्यांना ओट्यावर बसवलं, ताक दिलं आणि सांगितलं, “बीमार पडेगा ना कोई, तब आना. फुकट देगी मैं.” बाई तरातरा गेल्या. पण पुढच्या पावसाळ्यात त्यांचे सासरे कावीळ होऊन पडले तेव्हा त्याच बाई गॉगल न घालता आल्या, आणि काकीने खरंच मुळ्याची कोवळी पानं दिली, वर पथ्य सांगितलं, आणि रोज सासऱ्यांची चौकशी करायला वॉचमनला पकडलं. त्या टॉवरचे वॉचमन आमच्याच चाळीतले.

डासांच्या तपासणीवाल्या साहेबांची गंमतही याच मळ्यातली. कुणीतरी तक्रार केली होती की मागच्या भाजीमुळे डास होतात. कुणी केली ते तेव्हा कळलं नाही, आता कळलंय. साहेब आले, बॅटरी घेऊन पानापानांत वाकले. काकी मागे हात बांधून त्यांच्याबरोबर. एकाही वाफ्यात पाणी साचलेलं नाही, एकाही बाटलीत अळी नाही. साहेब घामाघूम. काकी म्हणाली, “साहेबानु, पेशंट बरे असत. आता जरा ऑफिसात बघा.” चाळ समितीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे नव्याने एसी बसवला होता आणि त्याचं पाणी एका बादलीत पडायचं. बादलीत अळ्या वळवळत होत्या. साहेबांनी नोटीस समितीला दिली. त्या दिवशी काकीने सगळ्या चाळीला अळूवड्या खिलवल्या, आजारी नसलेल्यांना सुद्धा.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, विनोदी म्हातारी दिसते. तशी ती आहेच. पण तिचं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं, आणि तेव्हा ती अजिबात विनोद करत नसे.

उन्हं कलली की काकी मागचं दार उघडून ओट्यावर दोन चटया टाकायची. ही भेटीची वेळ. हॉस्पिटलात असते तशी. कुणीही यावं, बसावं, हळू बोलावं. फोनवर गाणी लावायची नाहीत. गिरणीच्या भिंतीमागे आता दोन टॉवर झालेत आणि त्या दोघांच्या मध्ये आकाशाची एक फट उरलीय. हिवाळ्यात सूर्य बरोबर त्या फटीत उतरतो. दहा-बारा मिनिटं अख्ख्या मळ्यावर तांबडा उजेड पडायचा, माठाची पानं आतून पेटल्यासारखी दिसायची, मिरचीच्या झाडावर शिंजीर पक्षी शेवटची घाई करायचा, बुलबुल शेवग्यात जागेवरून भांडायचे. मग सूर्य जायचा आणि गिरणीच्या आवारातल्या जुन्या झाडांतून वटवाघळं निघायची. एक, मग चार, मग मोजता न येण्याइतकी. आणि त्याच वेळी भिंतीवरचा दुधी फुलायचा. दुधीचं फूल दिवसा मिटलेलं असतं, तिन्हीसांजेला उघडतं. पांढरंशुभ्र, कागदासारखं पातळ. आम्ही ते उघडताना बघत बसायचो. बोटभर लांब पतंग यायचे आणि एका फुलातून दुसऱ्यात जायचे. 

एका वर्षी दुधी धरत नव्हता. कुणीतरी मोबाइलवर बघून सांगितलं, नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर घासायचं असतं, संध्याकाळी. काकी म्हणाली, “ता काम आपला नाय. पाखरांचा हा. आपण गप बसूचा.” आणि बसली. त्या वर्षी दुधी कमी झाले. तिने त्याबद्दल कधी हळहळ केली नाही.

तिचा एकच नियम होता, पण तो लोखंडासारखा. दिवेलागण झाली की झाडाला हात लावायचा नाही. पान तोडायचं नाही, फुलपुडीसाठी नाही, फोडणीला कढीपत्ता हवा म्हणून नाही, देवासाठी सुद्धा नाही. झाडं निजतात. पुन्हा सूर्य उगवून उन्ह पानावर येईपर्यंत त्यांना उठवायचं नाही. कोकणातल्या घराघरांत हे सांगतात, पण सांगणं आणि पाळणं यात फरक असतो. काकीने पाळलं. स्वतःच्या मुलीला संध्याकाळी जोराचा खोकला लागला तेव्हा अडुळसा हाताच्या अंतरावर असून ही बाई तीन गल्ल्या चालून दुकानातून औषध घेऊन आली. मी एकदा वाद घातला होता. म्हटलं, काकी, हे अंधश्रद्धेत येतं. ती म्हणाली, “येता तर येऊ दे. तुझ्या आवशीक झोपेतून उठवून कोणी केस उपटले तर तू काय म्हणशील?”

आता बंड्यादादाबद्दल. अनंत साळसकर, पहिल्या मजल्यावरचा, आमच्या समितीचा सेक्रेटरी. काकीच्या ओट्यावर वाढलेला मुलगा. तो दहावीत असताना मित्रांशी पैज लावून त्याने दिवेलागणीनंतर एक वांगं तोडलं. काकी ओरडली नाही. तिने ते वांगं त्याच्या हातातच राहू दिलं, त्याला वाफ्याशेजारी बसवलं आणि म्हणाली, “आता ऐक.” पूर्ण काळोख पडेपर्यंत तो बसून होता. काय ऐकलंस, असं आम्ही नंतर विचारलं तर म्हणाला, काही नाही रे, रातकिडे. पण त्यानंतर पोरांपैकी कुणी संध्याकाळी हात पुढे केला की सगळ्यात आधी बंड्यादादाच ओरडायचा, “ए, काकीची झाडं झोपलीत!” नियम त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा पक्का ठाऊक होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

चाळीचा पुनर्विकास व्हायला माझा विरोध नाही. मलाही घरात संडास हवाय. माझ्या आईने गुडघे दुखत असताना तीस पावलं चालून रांगेत उभं राहायचं, यात काही संस्कृती नाही. आमच्या घरची संमतीची सही त्या कागदावर आहे, बाबांनी केली, मी शेजारी उभी होते. पण बंड्यादादाने सभेत काकीला तोंडी सांगितलं होतं, “काकी, नवीन बिल्डिंगमध्ये मागे तुझ्यासाठी जागा सोडणार. बिल्डरशी बोललोय मी.” काकीने विश्वास ठेवला. आम्हीही. लिहून घ्या असं कुणी म्हणालं नाही. दिवसाला चार निवेदनं लिहिणारी मी, मीसुद्धा म्हणाले नाही.

मंगळवारी फळ्यावर सूचना लागली. बांधकामाआधी जमिनीची तपासणी करायची, त्यासाठी बोअर मारायचं मशीन आत यायला हवं, सबब मागील रिकामी जागा गुरुवारी सकाळी अकरा वाजता साफ करण्यात येईल. ज्यांचं सामान असेल त्यांनी हलवावं. खाली सेक्रेटरीची सही.

काकीने ती सूचना दोनदा वाचून घेतली. “अकराक?” तिने विचारलं. “मगे ठीक हा. गुरवारी सकाळी सगळ्यांक डिश्चार्ज देऊया. प्रत्येक घरात नैवेद्याक ताजी भाजी.” मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे चाळीत प्रत्येक घरी लक्ष्मीचा घट, दिवसभर उपास आणि संध्याकाळी नैवेद्य. तिला भाजी आदल्या दिवशी काढून सुकवायची नव्हती. मी म्हटलं, काकी, बुधवारीच काढू या ना. ती म्हणाली, “अकराक येतत मा? सातांक उन्ह पडता. चार तास खूप झाले.”

मी काय केलं? बुधवारी दिवसभर उजेड होता. मी दुपारी ऑफिसातून सुट्टी घेतली आणि लालबागला जाऊन पत्रकं छापून आणली. ‘परबकाकींचा मळा वाचवा’. हिरव्या शाईत. मला वाटलं, अकराला मशीन येईल, आपण साडेदहाला गेटवर पत्रकं वाटू, चार लोक जमवू, फोटो काढू. माझा धंदाच तो. त्याच दुपारी मी दहा जणांना घेऊन मळ्यात उतरले असते आणि काकीशी भांडून भाजी काढली असती तर पुढचं निम्मं टळलं असतं. 

संध्याकाळी परतले तेव्हा जिन्यात कुणीतरी सांगितलं, जागा साफ करायचं मशीन आजच गल्लीच्या तोंडाशी आणून उभं केलंय. मला शंका आली. मी चाळीत ओरडत फिरले, पिशव्या घ्या, टोपल्या घ्या, खाली या. पंधरा-वीस माणसं आली. मागच्या दारी पोचलो तर सूर्य फटीतून गेलेला, वटवाघळं निघालेली, आणि काकी तुळशीपुढे दिवा लावून उभी. तिने पिशव्या बघितल्या आणि वाफ्यांच्या तोंडाशी आडवी आली.

“खंय चाललंस गो?”

“काकी, मशीन आलंय. आत्ताच काढू सगळं.”

“दिवो लागलो.”

“अगं पण उद्या—”

“उद्या सकाळी. झाडां निजली, चेडवा.”

“काकी, ते लोक अकराची वाट बघणार नाहीत!”

“लिवन दिल्यानी तां. बंडूची सही हा खाली.” आणि मग जरा थांबून, समजूत काढल्यासारखं, “तो आमचोच झील मा?”

आमचाच मुलगा. मागे कुणीतरी कुजबुजलं, म्हातारी आत गेली की काढू. ती खरंच आत गेली, भात उतरवायला. पाच-सात मिनिटं तरी मळा मोकळा होता. वीस माणसं, हातात पिशव्या, समोर तयार भाजी. कुणीही हात पुढे केला नाही. मीही नाही. दुधीची फुलं उघडत होती आणि आम्ही ओट्यावर बसून राहिलो, भेटीच्या वेळेसारखे. बाहेरच्या माणसाला हा मूर्खपणा वाटेल. असेल. पण तो आमचा सगळ्यांचा मूर्खपणा होता, आणि आमच्यातल्याच एकाने त्यावर हिशेब बांधला होता.

गुरुवारी सकाळी सहाला मी खाली आले तेव्हा काकी अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, ओट्यावर बसली होती. शेजारी टोपल्या मांडलेल्या. प्रत्येक टोपलीत कागदाचा तुकडा आणि त्यावर खोली नंबर. दोन टोपल्या बाजूला, कारण एका घरी टायफॉइड होता आणि एकीकडे बाळंतीण. ती उन्हाची वाट बघत होती. आभाळ राखाडी होतं, पानांवर दव होतं. चाळीतल्या बायका घरोघरी घट मांडत होत्या, म्हणजे खाली कुणी नव्हतं. हेही समितीवाल्यांना ठाऊक होतं.

सहा चाळीसला गल्लीतून ते पिवळं मशीन आलं. दिवे लावून. पुढे बंड्यादादा, हातात प्लास्टिकच्या कपात चहा.

“काकी, जरा बाजूला हो गं. ऑपरेटरला नऊला दुसरीकडे जायचंय, म्हणून लवकर बोलावलं.”

काकी उठली. सरळ मशीनपाशी गेली आणि वर बसलेल्या ऑपरेटरला म्हणाली, “बाबा, थोडा रुको. सूरज आने दो. बस, धूप आयेगा, हम निकालेगा, फिर तेरा काम तू कर.”

ऑपरेटरने इंजिन बंद केलं. परक्या गावचा माणूस तो. त्याने खाली वाकून बंड्यादादाला विचारलं, “साब, मौसी बोल रही है, रुकूँ क्या?”

बंड्यादादा म्हणाला, “टाइम नहीं है. चालू कर.”

मी अनेक मागण्या लिहिल्यात आयुष्यात. पाणी, पार्किंग, पंचवीस चौरस फूट जास्त. वीस मिनिटांची मागणी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. आणि इतकी लहान मागणी इतक्या आरामात नाकारलेलीही बघितली नव्हती.

मी ओरडत होते. काय ओरडत होते आठवत नाही, बहुतेक पत्रकातलीच वाक्यं असतील. मशीनने पहिल्यांदा वाल घेतले, बांबू आणि सलाइनच्या बाटल्यांसकट. मग वांगी. दुधीचा वेल भिंतीवरून खेचला तेव्हा रात्रीची फुलं अजून पुरती मिटलीही नव्हती. काकी हातात एक रिकामी टोपली धरून उभी होती. बायका धावत आल्या, कुणाच्या हाताला हळद, कुणाच्या हातात अर्धी ओवलेली वेणी. तोवर खाट नंबर एक ते नऊ संपल्या होत्या. उन्ह आलं ते सपाट चिखलावर.

बंड्यादादाने दुपारी बाजारातून दोन मोठ्या पिशव्या भाजी काकीच्या दारात पाठवली. फ्लॉवर, कोबी, सिमला मिरची. काकीने त्यांना हात लावला नाही, लाथाडलंही नाही. दोन दिवस त्या तिथेच होत्या, मग सफाईवाल्याने नेल्या. त्या संध्याकाळी चाळीत कुणाच्या घरच्या नैवेद्यात भाजी नव्हती. 

आणि माती? ती दोन डंपरमध्ये भरली गेली. मी कागद बघितलाय. त्यावर लिहिलंय, राडारोडा. ज्या मातीसाठी एक बाई आयुष्यभर दर उन्हाळ्यात पोतं खांद्यावर घेऊन आली, ती माती फेकून त्यांनी तिथे मातीची तपासणी केली. अहवाल म्हणे चांगला आलाय.

बंड्यादादा मला अजून जिन्यात, रस्त्यात भेटतो. म्हणतो, “तू राईचा पर्वत करतेस. भाजीच होती ना? नवीन बिल्डिंगला सनसेट डेक आहे, बघ तरी.” मी बघितला. रंगीत पुस्तिकेत आहे. पार्किंगच्या स्लॅबवर प्लास्टिकचं गवत, त्यावर आरामखुर्च्या, आणि खुर्चीत बसून सूर्यास्त बघणारी कुठल्यातरी देशातली दोन माणसं. काकीची पट्टी शोधायला मला नकाशा उलटा-सुलटा करावा लागला. तिथे सहा चौकोन आहेत. गाड्यांसाठी. आमच्या चाळीत गाड्या दोन आहेत, त्यातली एक बंड्यादादाची.

चाळ रिकामी झाली. सगळे भाड्याच्या घरांत पांगले. काकीला कॉटन ग्रीनला सातव्या मजल्यावर खोली मिळाली. मी गेल्या महिन्यात तिच्याकडे हरकतीचा अर्ज घेऊन गेले होते. नकाशाला अजून अंतिम मंजुरी नाही, बदल करायला लावता येतो, फक्त मागणी लेखी हवी. जाताना दोन कुंड्या नेल्या, मिरची आणि पुदिना. लिफ्टमध्ये मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

काकी खिडकीकडे पाठ करून, पलंगाच्या कडेला बसली होती. बाहेर सांज होत होती. खिडकीतून गोदामांचे पत्रे दिसत होते आणि त्यांच्यावर तांबूस उजेड होता, चांगला होता खरं तर. ती बघत नव्हती. कुंड्या बघितल्या आणि हसली. खूप दिवसांनी.

“कुंडी म्हंजे ॲम्ब्युलन्स गो. तेच्यातून पेशंट नेतत. ठेवणत नाय.”

“मग काय करू? परत नेऊ?”

“खाली वॉचमनाक दी. तेचो झील आजारी हा.”

मग तिने अर्ज मागितला. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचला. मी फार विचार करून लिहिलं होतं, ‘रहिवाशांसाठी हरित क्षेत्राची तरतूद’. तिचं बोट तिथेच थांबलं.

“ह्या काय? हरित?”

“म्हणजे हिरवी जागा, काकी. झाडं.”

“ता गवत पण हिरवाच हा तेंचा. प्लास्टिकचा.” तिने मला पेन काढायला लावलं. “हयसर लिव. माती व्हयी. खाली स्लॅब नाय, माती. खणलं तर खाली जाणारी.”

मी खोडून लिहिलं. तिने सही केली, एकेक अक्षर सुटं, हॉस्पिटलच्या हजेरीबुकात करायची तशी. तेवढ्यात खोलीत अंधारलं. ट्यूबलाइट लावायला मी उठले तर ती म्हणाली, रहा, वाईच बस. आम्ही बसलो. ती अजून खिडकीकडे पाठ करूनच होती. निघताना दारातून वळून बघितलं, तर तिने हात मागे बांधले होते आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती हळूहळू चालत होती.

त्या अर्जावर आजपर्यंत अकरा सह्या झाल्यात. खोल्या चौसष्ट होत्या. बाकीचे म्हणतात, आता काय उपयोग, किंवा म्हणतात, बंड्या वाईट मुलगा नाही, किंवा डोळे पुसतात. 

म्हणून तुम्हाला सांगतेय. पाच नंबर चाळीतल्यांना तर सांगतेच, पण लालबाग, परळ, प्रभादेवी, गिरगाव, जिथे कुठे तुमच्या समितीच्या कपाटात असा एखादा नकाशा गुंडाळून पडलाय, त्या सगळ्यांना. या रविवारी सेक्रेटरीच्या दारात जा. नकाशा मागा, तो टेबलावर पसरायला लावा आणि इमारतीच्या मागच्या बाजूला बोट ठेवून विचारा, इथे खाली माती आहे की स्लॅब? तो ओळखीचा असेल, लहानपणी तुमच्या मांडीवर खेळलेला असेल, तोंडी काहीतरी गोड सांगेल. ऐकू नका. उत्तर कागदावर घ्या, तारखेसकट. आणि ते तुमच्या हातात पडेपर्यंत कशावरही सही करू नका.